बंदुकीआधी कुकारा

२ मार्च, रविवार

डायरी साखर कारखान्याची हाय. नागेशनं आणून दिली. म्हणला, आये, लांडगा कधी आला, कुठनं आला, काय नेलं, सगळं लिवून ठेवत जा. माझी शाळा चौथीपातूर. पुढं मेंढरांमागं गेले. पण अक्षर अजून सुनेपेक्षा नीट हाय. लिवते.

शुक्रवारी तांबडं फुटायला लांडग्यानं कोकरू नेलं. कपाळावर पांढरा ठिपका व्हता ते. मेंढरांभवतीची वाघूर मीच ठोकलेली, जाळी कुठं ढिली न्हवती. खालची माती उकरून आला. आणि भुंड्या शेजारी उभा. दोन येळची भाकरी खातंय ते कुत्रं. मी खोपटातनं बाहेर आले तवा लांडगा निम्मा माळ वलांडून गेलेला, आणि भुंड्या त्याच्याकडं बघून जांभया देतोय. तोंड उघडतंय, मिटतंय, परत उघडतंय. आवाज काढायचं नाव न्हाय. शेपटीसंगं याची लाज पण तुटली वाटतं.

नागेश काल मोटारसायकलवर आला. बारामती एमआयडीसीत दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात हाय, रजा मिळत न्हाय, तरी आला. म्हणला तू एकटी हितं पळसदेवच्या माळावर, मला झोप लागत न्हाय. म्हणलं मला लागती. मग बसला तोंड पाडून. शेवटी बोली झाली. पाडव्यापातूर अजून एक जनावर गेलं तर मेंढरं इकायची आणि मी बारामतीला फ्लॅटवर जायचं. तिसरा मजला. मागं ग्यालरीत कपडं धुवायचं मशीन. तितं मी काय राखू, ते मशीन?

बोली कबूल केली. मला घोळ घालत बसायला आवडत न्हाय. बंदूक घ्यायची, लांडगा परतवायचा, झालं.

४ मार्च, मंगळवार

नागेशच्या बाची ठासणीची बंदूक व्हती. विलेक्शनला सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करत्यात तशी केली, आणि मग तेच गेले. बंदूक तितंच ऱ्हायली. आज आणायला गेले.

हवालदार घशातल्या घशात बोलतो. चारदा इचारलं तवा कागदावर लिवून दिलं. वारसाचा अर्ज, दाखले, काय काय. वर म्हणला, लांडग्याला हात लावायचा न्हाय, सरकारचा हाय, जेल व्हती. हे बी लिवूनच दिलं.

मी म्हणलं, बाबा, मारायचा कुणाला हाय? आमच्या सासऱ्यापासनं त्याचा वाटा तो नेतोय. नागेशचा बा म्हणायचे, लांडगा बी आपल्याच कळपातला, फकस्त त्याचं तोंड उलटं. मला तो वेशीवरनं माघारी फिरवायचाय, त्याला आवाज पायजे, गोळी नको.

सगळं ठाणं काम सोडून माझ्याकडं बघत व्हतं. खरं बोललं की लोकं अशीच बघत्यात. बंदूक तितंच सोडून आले. नळीला गंज चढला असंल, कुणाला पायजे.

६ मार्च, गुरुवार

बारामतीला गेले. नागेशनं पाळी बदलून घेतली आणि शेतीअवजारांच्या दुकानात नेलं. दुकानदार ज्ञानेश म्हणून हाय, पोरगेलाच. चांगला वाटला, पण ओठ हलवत न्हाय बोलताना.

आधी एक पेटी दाखवली. उन्हावर चालती. आत वाघाचा, कुत्र्यांचा, माणसांच्या गलक्याचा आवाज भरलाय म्हणं, जनावरं भिऊन पळत्यात. त्यानं वाघ लावला. मी पेटीला कान लावला तर आत कुणीतरी घोंगडीखाली घोरतंय तसं. रस्त्यावरची दोन कुत्री मात्र शेपूट घालून पळाली. शेरातली कुत्री, कशालाबी पळत्यात. मी इचारलं, आमच्या माळावर वाघ कधी व्हता? लांडग्याला त्याची वळख कशी पटायची? ज्ञानेशनं नागेशकडं बघितलं, नागेशनं आभाळाकडं.

मग बंदुका. लोखंडी नळीच्या, नुसत्या आवाजाच्या. कार्बाईडची नको म्हणून मी आधीच सांगितलं, बावड्यात एका पोराचा डोळा गेला त्यानं. एक धाकटी आणि एक थोरली. मागच्या मोकळ्या जागंत उडवून दावल्या. धाकटी म्हंजी बोक्याची शिंक. दुकानातल्या सगळ्यांनी कानात बोटं घातली व्हती. नाटकं. थोरली उडवली ती छातीत बसली. बरगडीत घुमली. म्हणलं, हीच. नागेश दोन्ही हातानं नको नको करत व्हता. मी बटवा काढला आणि पैसं देऊन मोकळी झाले.

येताना वाटभर पोरगं पुढं तोंड करून काय काय बोलत व्हतं. मोटारसायकलवर कुठं बोलायचं असतं का.

९ मार्च, रविवार

थोरली उडवून बघितली. सांजच्याला, मेंढरं लांब चरत व्हती तवा. धूर झकास. छातीत तसाच ठोका.

जरा येळानं सावळाराम आला तावातावानं. त्याचा मेंढरांचा वाडा ओढ्यापल्याड, नागेशच्या बाचा जोडीदार. म्हैस धार काढताना बुजली, चरवी लवंडली, बायको पडता पडता वाचली, असं हातवाऱ्यानं सांगत व्हता. म्हणलं, एवढ्याशा आवाजाला बुजती ती म्हैस का मांजर.

मग मीबी माझं काढलं. आमच्यात रीत हाय. सांजंला मेंढरं वाघुरीत घातली की कुकारा घालायचा, आणि शेजारच्या वाड्यावरनं उलट कुकारा आलाच पायजे. आला म्हंजी तिकडं सगळी खुशाल. न्हाय आला तर काठी घेऊन बघायला जायचं. मी रोज घालते. नागेशचा बा असताना हे दोघं एकमेकांना असं उत्तर द्यायचे की उजनीच्या पाण्यावरची पाखरं उठायची. ते गेले, आणि वर्सभरानं सावळारामनं उत्तर द्यायचं सोडलं. मी कधी इचारलं न्हवतं. आज म्हणलं, म्हैस भेली तर पळत आलास, आणि कुकाऱ्याला तोंड उघडायला काय झालं?

तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. म्हणला, "वैनी, मी रोज घसा फोडतो की."

म्हणलं, खोटं बोलायला तरी लाजावं, केस पिकलं. गेला. जाताना दोनदा वळून बघितलं त्यानं.

यंदा माळावर तितरंबी बोलत न्हाईत. औषधं मारून मारून संपवली लोकांनी.

१२ मार्च, बुधवार

आज लिवायचं मन न्हाय. पण बोली हाय तर लिवते.

पहाटं उठले, अजून उजाडत व्हतं. वाघुरीच्या पल्याड लांडगा. उभा, मान खाली घालून. भुंड्या जांभया देतोय. मी थोरली उचलली आणि उडवली.

मेंढरांनी एका झटक्यात वाघूर फोडली. मेखा उपटून जाळी घेऊन पळाली. कोण सावळारामच्या मकंत, कोण ओढ्यात, कोण सरळ माळाला. लांडगा तर थोडा दचकला आणि बसून बघत ऱ्हायला. मग उठला, निवांत गेला, आणि एकटं पडलेलं कोकरू उचललं. घाई न्हाय, काय न्हाय.

दुपारपातूर मेंढरं गोळा करत व्हते. सावळारामची बायको आली मदतीला.

कळप फुटला की लांडग्याचं निम्मं काम झालं. हे मला चालायला लागले तवापासनं ठावं हाय. कुणाला शिकवायला लागत न्हाय. आणि मीच माझ्या हातानं कळप फोडला. कोकरू लांडग्यानं न्हाय, बंदुकीनं नेलं. हे फकस्त हितं, डायरीत.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. नागेश आला. मी काय लपवलं न्हाय, गेलेलं कोकरू सांगितलं. बंदुकीचं न्हाय सांगितलं, पण त्याला सावळारामनं सांगितलं व्हतं.

वाटलं व्हतं भांडंल. भांडला न्हाय. म्हणला, सहादा फोन केला परवा, उचलत का न्हाईस. म्हणलं फोन बिघडलाय, वाजत न्हाय, नुसता उजेड करतो. त्यानं फोन हातात घेतला, दाबला, कानाला लावला, माझ्याकडं बघितलं, खाली ठेवला.

बावड्याचा बिरदेव मेंढरं इकत घेतो, तो पाडव्याला पिकअप घेऊन येणार. तवर सामान बांधायला प्रतिक्षा येऊन ऱ्हाणार. प्रतिक्षा म्हंजी सून. घरीच शिवणकाम करती. मिशीन सोडून आठ दिस बसत न्हाय ती, पण येणार म्हणली.

बरं म्हणलं. बोली ती बोली. नागेशच्या बानं कधी बोली मोडली न्हाय, मीबी मोडणार न्हाय. पण पाडवा अजून यायचाय.

१७ मार्च, सोमवार

प्रतिक्षा आली. सामान बांधायला आली आणि पेटी उघडायच्या आधी माझ्याच मागं मागं. मी भाकरी थापत व्हते, कुकर चुलीवर ठेवलेला. तिनं एकाएकी पुढं येऊन कुकर उतरवला. म्हणलं, शिट्टी व्हऊ दे की. आत डाळ करपायला आल्ती. कुकरची शिट्टी गेलीय, दुसरी आणायला पायजे.

दुपारी मेंढरांना पाला टाकत व्हते. असंच वाटलं म्हणून वळले तर ही माझ्या पाठीशी दोन हातावर उभी, हात तोंडापाशी, जशी कुणाला हाक मारावी. माझ्याकडं नुसती बघत ऱ्हायली. डोळ्यात पानी. म्हणलं, चुलीचा धूर सोसत न्हाय शेरातल्या पोरींना.

"व्हय आत्या," म्हणली.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी म्हणती कशी, तितरं किती वरडत्यात हो हितं. शेरातली माणसं, नसलेलं बी त्यांना ऐकू येतं. जाऊ दे, पावणी हाय.

मग सावळारामच्या वाड्यावर गेली, बराच येळ बसून आली. काय बोलत व्हतीस इचारलं तर म्हणली, म्हशीचं.

२० मार्च, गुरुवार

आज सुनेनं शानपणाची एक गोष्ट केली. मान्य करायला पायजे.

काल सांजंला माझ्या पुढ्यात येऊन बसली, अगदी तोंडासमोर, आणि नीट सावकाश बोलली. अशी बोलायला शिकली तर हिचं भलं व्हईल. म्हणली, "आत्या, भुंड्या मुका झालाय असं तुमी म्हणता. मग त्याला बोलायलाच कशाला लावायचं? दोर बांधू. एक टोक त्याच्या गळ्याला, दुसरं तुमच्या मनगटाला. लांडगा दिसला की तो उसळणार, तुमाला ओढ बसणार."

म्हणलं, हे मला कसं सुचलं न्हाय. सासऱ्यांच्या येळला आमी नदीकाठी उतरलो की पुढारी मेंढीचा दोर असाच पायाला बांधायचो, ती उठली की आमी उठायचो. नवं कायच न्हाय. इसरले व्हते.

बांधला. पहाटं ओढ बसली. उठले. वाघुरीपल्याड मुंगूस चाललेलं. मुंगसाला एवढी ओढ, तर लांडग्याला काय करंल. शाबास म्हणून त्याच्या गळ्यावर हात ठेवला.

गळा थरथरत व्हता. आतनं. तोंड उघडलं की थरथर, मिटलं की बंद. तसा हात ठेवून मी लई येळ बसले. म्हंजी भुंकतंय. कुत्रं भुंकतंय. मग आवाज जातोय कुठं?

घसा बसलाय त्याचा. वर्सभर असंच असणार बिचारं, आणि मी शिव्या दिल्या. हळद-गूळ घालून दूध पाजलं. प्रतिक्षा बघत व्हती. तिनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि मग माझ्याबी पाठीवरनं फिरवला. आमच्यात सुना असं करत न्हाईत. पण मी हटले न्हाय.

२२ मार्च, शनिवार

दोर झाला. आता बंदूक आणि आवाज.

रातभर न्हाय, पण सकाळी चहा पिताना डोकं चाललं. चूक बंदूक उडवायची न्हवती. चूक व्हती ती आधी उडवायची. मेंढराला बंदूक म्हंजी आभाळ फाटल्यागत. ते पळणारच. पण कुकाऱ्याला मेंढरू पळत न्हाय, गोळा व्हतं. मग कुकारा आधी, बंदूक मागनं. कळप एक झाला की त्याला भ्या कमी, आणि लांडग्याला एकटं कोण सापडत न्हाय.

पण कुठला कुकारा? सांजंचा लांबलचक हाय, त्याला मेंढरं वाड्याकडं चालायला लागत्यात. पाण्याचा हाय, त्याला ती ओढ्याकडं धावतील. ऱ्हायला भीमा वलांडायचा. आखूड, तीनदा, शेवटाला जीभ टाळूला मारायची. पाण्यात शिरताना हा दिला की मेंढरं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून एक गठ्ठा व्हत्यात. धरण झालं, पूल झालं, हा कुकारा कुणी घालत न्हाय. आता आमच्या भागात तो घालता येणारी मी एकटी. नागेशच्या बाला पण जीभ मारायला जमायचं न्हाय, फुस व्हायची. ते मान्य करायचे.

आज घातला. आधी दोन म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. बाकीच्यांनी कधी ऐकलेलाच न्हाय, त्यांनी त्या दोघींकडं बघितलं. म्हाताऱ्या गोळा झाल्या, तशी सगळी झाली. एकाबी तरण्या मेंढराला मी शिकवलं न्हाय. म्हाताऱ्यांनी शिकवलं.

लई बरं वाटलं.

२४ मार्च, सोमवार

प्रतिक्षानं बारामतीला जाऊन थोरली परत केली, धाकटी आणली. मी म्हणलं शिंक आणलीस. ती म्हणली, आत्या, मेंढरांना सवय लावायची तर शिंकंपासनंच लावायची.

बरोबर हाय. आणि इचार केला तर लांडग्याचं कान आपल्यापेक्षा तिखट. त्याला शिंकबी पुरंल. बंदूक घेताना आपल्या कानानं घ्यायची न्हाय, जनावराच्या कानानं घ्यायची. हे दुकानदाराला सांगायला पायजे, पुढच्या गिऱ्हाइकाला उपेग व्हईल.

रीत अशी बसवलीय. कुकारा. मग मोजकं थांबायचं, कळप एक झाला की धाकटी उडवायची. आणि लगेच मक्याच्या भरड्याची पाटी पुढ्यात. पहिल्यांदा बुजली, पण गठ्ठा फुटला न्हाय. दुसऱ्यांदा कान हलवलं. तिसऱ्यांदा तर धूर बघून पाटीकडं बघायला लागली. नळी उडाली का न्हाय हे मला धुरावरनं कळतं, एवढा बारका आवाज. तीच तर खुबी हाय तिची.

सावळारामला आधी सांगून ठेवलंय. म्हशीच्या धारेला उडवत न्हाय.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. बिरदेव पहाटंच येणार, उन्हाच्या आत मेंढरं पिकअपमधी भरायची म्हणून. नागेशबी त्याच्यासंगंच.

पेटी बांधून झाली. काय जास्त न्हाय. दोन लुगडी, घोंगडं, कात्री, देव.

लांडगा त्या दिवसापासनं आला न्हाय. म्हंजी मी एवढं बसवलं ते खरं का खोटं, हे कुणाला कळणारच न्हाय. आला असता तर बरं झालं असतं असं वाटतं. मेंढरं राखणारी बाई लांडग्याची वाट बघतीय. कुणाला सांगू नये असं.

उजनीचं पानी खाली गेलंय, देवळाचा कळस वर आलाय. त्या देवळाच्या वरच्या अंगाला आमचा वाडा असायचा, पानी यायच्या आधी. तिथनं उठून हितं आलो तवा सासू रडली न्हाय. मेंढरं संगं हायती ना, मग कशाला रडायचं, म्हणली. फ्लॅटवर मेंढरं संगं न्हाईत.

पण बोली ती बोली. रडत न्हाय मीबी.

३० मार्च, पाडवा

नीट लिवते.

तांबडं फुटायला लागलं तवा पिकअप वाटंवर येऊन उभी ऱ्हायली. दिवे दिसले. मी दोर सोडायलाच बसले व्हते मनगटाचा, म्हणलं आता कशाला. आणि ओढ बसली. अशी की मी गुडघ्यावर आले.

दोन व्हते. एक ओढ्याच्या कडंला उभा, मला दिसावा म्हणून. दुसरा वाऱ्याच्या उलट अंगानं पोटावर सरकत वाघुरीशी आलेला. जुनी खोड हाय ती त्यांची, एकानं तोंड दावायचं, दुसऱ्यानं हात मारायचा. मी पहिल्याकडं बघितलंबी न्हाय. भुंड्या दुसऱ्याकडं ओढत व्हता.

कुकारा घातला. भीमा वलांडायचा. पोटातनं घातला, टाळूला जीभ अशी मारली की दात हलला. मेंढरं उठली आणि एक झाली. मधी कोकरं, भवती म्हाताऱ्या, एक मेख हलली न्हाय. दुसरा लांडगा जागच्या जागी थांबला, एक पाय वर. मग मी धाकटी उडवली. धूर झाला. तो वळला. पळाला न्हाय, वळला. मान फिरवून एकदा माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग पहिल्याला घेऊन माळाला लागला. चालत गेला. दोघांचाबी मान ऱ्हायला.

मी भरड्याची पाटी आणून टाकली. बोली मेंढरांसंगंबी हाय.

वळले तर बिरदेव पिकअपच्या दारात उभा, टोपी हातात. माझ्याजवळ आला आणि पाया पडला. म्हणला, आक्का, माझ्या आजीच्या तोंडून ऐकला व्हता हा कुकारा, परत ऐकंल असं वाटलं न्हवतं. असला कळप मी नेत न्हाय, मला पाप लागंल. आणि नारळ ठेवून गेला. रिकामी गाडी घेऊन बावड्यापातूर. त्याचं डिझेल गेलं, पण माणूस खानदानी.

नागेश कुठं दिसंना. बघते तर माझ्या मागंच उभा. किती येळ उभा व्हता कोण जाणं. तोंड हलत व्हतं त्याचं, डोळं लाल. प्रतिक्षानं त्याच्या दंडाला धरलं, मान हलवली आणि त्याला फिरवून माझ्या पुढ्यात आणून उभं केलं. तो खाली बसला, माझ्या गुडघ्यापाशी, ल्हान असताना बसायचा तसा. माझं तोंड आपल्याकडं धरून सावकाश बोलला.

"आये, आज जनावर गेलं न्हाय. जुनी बोली मी सोडली. पाडवा झाला. आता पुढच्या पाडव्याला बघू."

म्हणलं, पुढच्या पाडव्याला बी असंच व्हईल.

म्हणला, "व्हईल की. मला ठावं हाय."

मग गुडी उभारली. प्रतिक्षाच्या हातची साडी, तिनंच काठ शिवलेला. पेटी सोडली, घोंगडं परत आडव्या काठीवर टाकलं.

३ एप्रिल, गुरुवार

प्रतिक्षा परत बारामतीला गेली. जायच्या आधी फोन दुरुस्त करून दिला. अजून वाजत न्हाय, पण आता उजेडासंगं कंबरंशी थरथरतो. भुंड्याच्या गळ्यागत. उचलला की नागेशचं तोंडच दिसतं त्यात, हात हलवत बोलतो, आणि आता ओठ नीट उघडून बोलतो. मंगळवारी आला तवा बी आधी पुढ्यात आला, मग बोलला. पाठीमागनं बोलायची खोड गेली एकदाची. एवढी वर्सं सांगून जे जमलं न्हाय, ते एका कुकाऱ्यानं झालं.

भुंड्याचा घसा काय सुटंना. हळद-गूळ चालू हाय. पण काम चोख करतो. मुक्यानं राखण करणारं कुत्रं सगळ्या इंदापूर तालुक्यात धुंडाळलं तरी दुसरं सापडायचं न्हाय.

सांजंला मेंढरं वाघुरीत घातली, कुकारा घातला. सवयीनं ओढ्यापल्याड बघितलं. सावळाराम वाड्याच्या पुढं उभा. त्यानं काठीला घोंगडं अडकवलं, वर केलं आणि हलवलं. डावीकडं, उजवीकडं, चांगलं मोठ्ठं. एवढ्या लांबनं काळं घोंगडं पिवळ्या उन्हात सपष्ट दिसलं.

तोंडानं द्यायचं सोडून हे काय नवीन, म्हणलं मनात. म्हातारपणी घसा गेला असंल त्याचाबी. पण मी त्याला खोटारडा म्हणले त्याचा राग धरून बसला न्हाय, रीत पाळली.

मी परत घातला. त्यानं परत हलवलं.

उत्तर आलं. तिकडं सगळी खुशाल हायती.